आई तशी ठीक आहे

मुखेड
५ ऑगस्ट २०२४

प्रिय लुंबिनी,
सप्रेम जयभीम.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण तुझा फोन आला की आई म्हणते, "टाक स्पीकरवर, मलाबी ऐकू दे." मग मी काय बोलणार? बाहेर जाऊन बोललो तर तिला आणखी संशय येतो. व्हॉट्सॲपवर चार ओळींच्या पुढं माझा अंगठा चालत नाही. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत, पोरांच्या परीक्षानळ्या धुऊन झाल्यावर, हे लिहीत बसलोय.

नांदेडला आईला दुर्बिणीतून तपासलं. अन्ननलिका जिथं पोटाला मिळते तिथं गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे, एवढं तुला नांदेडहूनच फोनवर सांगितलं होतं. पुढचं राहिलं. आजार लिव्हरमध्येही गेलाय. ऑपरेशन होणार नाही. डॉक्टर म्हणाले, "घालवता येणार नाही, रोखून धरता येईल." मी विचारलं, औषध दिलेलं बरं की न दिलेलं? ते म्हणाले, "वय अठ्ठ्याहत्तर आहे. पण नुसत्या वयावर ठरत नाही, अंगात ताकद किती त्यावर ठरवायचं." मी मान हलवली. बाहेर आल्यावर विशाखानं विचारलं, काय म्हणाले? तर मला बायकोलाही काही नीट सांगता येईना. सगळे शब्द मराठीच होते, तरी समजले नव्हते.

भाकरी आता उतरत नाही. दुधात कुस्करली तरी छातीत अडकते. मग ती घरामागं जाऊन काढून टाकते. आम्हाला वाटायचं पित्त आहे. आईला 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि का विचारलं नाही हेही मला कळत नाही.

तू म्हणतेस तसं लातूरला दाखवू. औशाहून तुला जवळ पडेल. वयस्कर रुग्णांकडं त्या डॉक्टरबाई नीट लक्ष देतात असं तू म्हणालीस. मला सुटी नाही. विशाखा तिला बसनं तुझ्या दारात सोडेल आणि परत येईल, कारण तिची अंगणवाडी आहे. डॉक्टरांशी तूच बोल. तू मास्तरीण आहेस, तुला बोलता येतं. दवाखान्यात माझी जीभ जड होते.

बाकी आई तशी ठीक आहे. घरातलं तू आलीस की पाहतेसच.

तुझा
रविकांतदादा


औसा
१८ ऑगस्ट २०२४

आदरणीय दादा,
सविनय जयभीम.

काल आमच्या यांनी आईला मुखेडला नेऊन सोडलं, तेव्हा तू शाळेत होतास म्हणे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

डॉक्टरांचं नाव श्रद्धा मॅडम. वयानं माझ्याहून लहान. मला वाटलं, रिपोर्ट बघतील आणि सलाईन लावतील. पण त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आईलाच विचारत बसल्या. अंघोळ कोण घालतं? आई म्हणाली, "मला कोण घालणार? म्याच करते." स्वयंपाक? मी सांगितलं, मॅडम, मी माहेरी गेले की ही मला चुलीजवळ फिरकू देत नाही, भाकऱ्या अजून हीच थापते. मागच्या सहा महिन्यांत कधी पडलात का? आई म्हणाली, "पडायला म्या काय दारुडी हाय?" मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग त्या म्हणाल्या, "आजी, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवा." आणि दादा, ती उठली! दारापर्यंत चालत गेली, परत आली, पदर सारखा करून बसली. कपाळावर घाम आला होता, पण त्या खोलीत उकडतही फार होतं.

मॅडम म्हणाल्या, वयाच्या मानानं चांगल्या आहेत, मग पूर्ण डोसनं सुरुवात करू. त्याच आठवड्यात पहिलं किमोचं औषध सलाईनमधून गेलं. आईनं हूं की चूं केलं नाही. थकलेल्या माणसांना एवढं देत नाहीत म्हणे. आपली आई खंबीर आहे म्हणून मिळालं. तू उगाच घाबरवलंस मला. माझ्याकडे होती तर शेंगा सोलत बसायची. फक्त न्हाणीघरात फार वेळ लावायची आणि दाराला आतून कडी. मी म्हटलं, माय, दार उघडं ठेव. तर म्हणे, "लेकीच्या घरी उघडं न्हाऊ का?"

तिला काय लागेल ते दे. आणि तिच्यासमोर रडका चेहरा करून बसू नकोस.

तुझी
लुंबिनी


मुखेड
८ सप्टेंबर २०२४

प्रिय लुंबिनी,
सप्रेम जयभीम.

आम्ही परवा नांदेडहून परत आलो. तू दवाखान्यात येऊन गेलीस तेव्हा आई ग्लानीत होती, आपलं काही बोलणं झालं नाही.

पहिल्यापासून सांगतो. तुझ्याकडून आली त्याच आठवड्यात एका सकाळी आई ओरडली, "नळाला करंट आलाय!" पाण्याला हात लावला की तिच्या बोटांत झटका बसायचा. मी शेषेराव वायरमनला बोलावलं. त्यानं मोटर पाहिली, अर्थिंग पाहिलं, नळाला टेस्टर लावला, शेवटी त्याच नळाचं पाणी ओंजळीनं प्यायला आणि म्हणाला, "रवीभाऊ, करंट नळात न्हाई." आई म्हणाली, "मंग काय माझ्यात हाय का?" आम्ही सगळे हसलो. पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या औषधानं असं होतं. थंड वस्तूला हात लावला की नसा झिणझिणतात, पाणी कोमट द्यायचं. म्हणजे करंट खरंच तिच्यात होता, आणि आम्ही वायरमनला चहा पाजत बसलो होतो.

मग तोंड आलं. मग जुलाब. थांबेचनात. मीठ-साखरेचं पाणीही गिळवेना. न्हाणीत पडली ती उठलीच नाही, मी उचलली. लुंबिनी, हातात काही वजनच नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, हे आजारानं झालं की औषधानं? ते म्हणाले, दोन्ही, पण जास्त औषधानं. आजारावरचं औषध आजारापेक्षा जास्त मारतं, तर मग ते औषध कसं? आणि नाही दिलं तर आजार आहेच. मी याच्या पुढं जाऊ शकत नाही. त्यांनी तुझ्या श्रद्धा मॅडमना फोन लावला. दोघांचं बोलणं असं झालं की पुढचा डोस द्यायचाच असेल तर निम्म्याहून थोडा जास्त द्यावा. मी इतकी वर्षं शाळेत आम्ल मोजून देतोय. निम्म्या आम्लात निम्मीच क्रिया होते. मग निम्म्या औषधानं गाठ कशी थांबेल? आणि थांबणार नसेल तर तेवढाही त्रास का?

संध्याकाळी विहारात वंदनेला बसलो, पण मन लागलं नाही. मधला मार्ग म्हणतात तो हाच का, की मी माझ्या भीतीलाच चांगलं नाव देतोय? मला वाटतं कमीच बरं. उद्या कदाचित वेगळं वाटेल. तुझं काय मत?

रविकांतदादा


औसा
१४ सप्टेंबर २०२४

दादा,

माझं मत विचारतोस तर ऐक. निम्मा डोस म्हणजे हात टेकणं. गोड शब्दांत सांगितलं की तुला पटतं, मला नाही. वर्गात एखादं पोर मागं पडलं तर मी त्याला निम्मी बाराखडी शिकवते का?

लातूरला आई माझ्यासमोर खुर्चीतून ताडकन उठली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुखेडला परत गेली आणि आठवड्यात अंथरूण धरलं. मग तिथं काय झालं? वहिनीला अंगणवाडीतल्या पन्नास पोरांना खिचडी शिजवायला वेळ आहे, आईला वेळेवर पाणी द्यायला नाही? तू तर काय, डोळे मिटून बसशील. तुला आईला म्हातारी म्हणून बघायची सवय झाली आहे. मला नाही झाली आणि मी करून घेणारही नाही.

मी मॅडमना सांगणार आहे, पूर्णच द्या. माझी आई सोसेल.

लुंबिनी


मुखेड
२१ सप्टेंबर २०२४

ताई,
जयभीम.

तुमचं पत्र तुमच्या दादांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. धुवायच्या वेळी खिशातून मीच काढलं. चार दिवस ते उत्तर लिहायला बसतात आणि 'प्रिय लुंबिनी' लिहून उठतात. म्हणून मी लिहिते. त्यांना सांगितलेलं नाही.

खिचडी मी शिजवत नाही, मदतनीस शिजवते. हे आधी सांगते, कारण मला राग आलाय. आता पुढचं.

तुम्ही येणार असा निरोप आला की आत्याबाई आधीचे दोन दिवस अंथरुणातून उठत नाहीत. कुणाशी बोलतही नाहीत. "बळ राखून ठेवून राहिले," म्हणतात. ज्या दिवशी तुमची गाडी, त्या दिवशी पहाटे मी त्यांना न्हाऊ घालते, वेणी घालते, ते मोरपंखी लुगडं नेसवते आणि धरून चुलीपाशी नेऊन बसवते. पीठ मी मळते. गोळे मी करते. तुमचा आवाज दारात आला की परात त्या पुढं ओढतात. तुम्ही पाहता त्या भाकऱ्या तेवढ्याच त्यांच्या. आणि तुम्हाला त्या चुलीजवळ येऊ देत नाहीत, ते कशासाठी ते आता तुम्हीच समजा. तुम्ही गेलात की तीन-तीन दिवस झोपून. हे मागच्या दिवाळीपासून चाललंय. अंघोळ मी घालते. संडासला मी नेते. दोनदा पडल्यात. एकदा हात सुजला होता, तेव्हा तुम्हाला सांगितलं की मधमाशी चावली.

आम्हाला म्हणाल्या, "लेक चार दिस माहेराला येती. तिला काय दुखणं दाखवायचं? लुंबीला सांगाल तर माझी आण हाय." तुमचे दादा पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं रोज म्हणतात आणि तुम्हाला लिहितात, आई तशी ठीक आहे. मी एकदा टोकलं तर म्हणाले, खोटं नाही, अर्धं आहे. मी म्हटलं, मग निम्मंच पाप लागेल.

आता मला सांगा, खुर्चीतून कोण उठलं होतं? तुमची आई उठली होती, ताई. पण तिच्या पायांनी नाही. तुम्ही शेजारी उभ्या होतात म्हणून.

पूर्ण डोस द्या म्हणायच्या आधी एवढं डॉक्टरांना सांगा. नाहीतर मला बोलवा, मी सांगते.

विशाखा


औसा
२ ऑक्टोबर २०२४

दादा, वहिनी, दोघांनाही सविनय जयभीम.

वहिनी, तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, तुम्ही रागानं रचून लिहिलंय. मग ती मधमाशी आठवली. मीच फोनवर म्हटलं होतं, लोखंड घासा. मला माफ करा असं लिहिलं तर तुम्ही हसाल. तरी लिहिते.

मी एकटीच श्रद्धा मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी आईचे कागद पुन्हा काढले. मग म्हणाल्या, "मीही तुमच्यासमोरच विचारलं. लेकीला बाहेर बसवून विचारायला हवं होतं." मी म्हटलं, मॅडम, निम्मं औषध म्हणजे आशा सोडली असंच ना? तर म्हणाल्या, तसं नाही. म्हाताऱ्या, थकलेल्या माणसांवरच याचा अभ्यास झालाय. गाठ पोटात किंवा अन्ननलिकेत पसरलेली, अंगात ताकद कमी, अशांना कमी डोस दिला तर आजार जवळजवळ तेवढाच रोखला जातो आणि त्रास मात्र कमी होतो. जास्त दिलं म्हणजे जास्त जगतात असं दिसलेलं नाही.

दादा, मला हे तेव्हा समजलं होतं. रिक्षात बसले तोवर समजलेलं होतं. घरी आल्यावर पुन्हा समजेना. मी वीस वर्षं पोरांना पूर्ण गुण कसे मिळवायचे तेच शिकवतेय. तुझ्या आम्लाचंही विचारलं. त्या म्हणाल्या, भावाला सांगा, शरीर म्हणजे परीक्षानळी नाही, ते मध्येच कोलमडतं.

पुढचं औषध नांदेडलाच कमी करून द्यायचं ठरलंय. मॅडम तिथल्या डॉक्टरांना कळवतील. त्यांनी आणखी एक विचारलं, "आजींना स्वतःला यातून काय हवं आहे?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?

मला सगळ्यात हे समजत नाही, की तिनं माझ्यापासूनच का लपवलं. मी तिला इतकी परकी झाले का?

लुंबिनी


मुखेड
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय लुंबिनी,
सप्रेम जयभीम.

कमी केलेलं औषध दोनदा झालं. चार दिवस मळमळ आणि झोप, मग हळूहळू उठून बसते. कण्या ताकात अगदी पातळ केल्या तर उतरतात. परवा तिनं लोणच्याचा खार चाटून पाहिला आणि "मेलं, तोंडाला चव आली," म्हणाली. विशाखानं सगळ्या गल्लीला सांगितलं.

पुन्हा फोटो काढला. गाठ आहे तेवढीच आहे. डॉक्टर खुश झाले. मी विचारलं, कमी झाली नाही? म्हणाले, "वाढली नाही, हीच चांगली बातमी." मी हात जोडले, पण बसमध्ये बसून विचार करत राहिलो, की ज्या बातमीत काही घडलंच नाही तिचा आनंद कसा करायचा. शेजारच्यानं विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, जैसे थे. तो बिचारा हळहळला.

डॉक्टरांनी आईलाही विचारलं, आजी, पुढं घ्यायचं का? तुम्हाला काय हवं? ती म्हणाली, "लुंबीला इचारून सांगते." मला बाजूला घेऊन ते म्हणाले, त्या नको म्हणाल्या तर आपण थांबवू. गिळायला त्रास झाला तर अन्ननलिका उघडी राहावी म्हणून तिच्यात जाळी बसवता येते, दुखणं कमी ठेवता येतं. औषध थांबलं म्हणजे आम्ही थांबलो असं नाही.

आता खरी अडचण लिहितो. परवा तू फोनवर म्हणालीस, सुटी लागली की मी येते. फोन ठेवल्यापासून आई भिंतीकडं तोंड करून झोपली आहे. बोलत नाही. काल विशाखाला म्हणाली, "मोरपंखी लुगडं उन्हात टाक." दीड महिन्यात जी ताकद चमच्या-चमच्यानं साठली, ती ती तुझ्या चार दिवसांवर उधळणार. तिला अडवू तर कोणत्या तोंडानं? तुला येऊ नको म्हणू? तू परकी झालीस का असं विचारलंस. उलट आहे, असं मला वाटतं. पण उलट म्हणजे नेमकं काय, ते मला लिहिता येत नाही.

तू ये म्हणू की येऊ नको म्हणू? दोन्ही लिहून पाहिलं. दोन्ही चूक वाटतं.

रविकांतदादा


मुखेड
२७ ऑक्टोबर २०२४

लुंबिनी, आई सांगते तसं लिहितोय. माझं यात काही नाही. — रवी

लुंबे,
जयभीम.

रवी लिहून राहिलाय. मधीमधी थांबून माझ्याकडं बगतोय, तिकडं तू ध्यान देऊ नको.

तू डॉक्टरणीला जाऊन समदं सांगितलंस ते विशाखानं मला काल वाचून दाखिवलं. म्या परत लुगडं उन्हात टाक म्हणले तर ती लुगड्याच्या जागी तुजं पत्र घिऊन आली. मला लई राग आला. जेवले न्हाई. म्या काय चोरी केली? लेक माहेराला येती ती दोन घास सुखाचे खायाला येती. माझ्या मायनंबी मला तसंच धाडलं. मला बगितलं की उठून चूल पेटवायची. मंग एक दिस सांगावा आला, गेली म्हणून. म्या पळत गेले तर बाया म्हणाल्या, वरीस झालं आजारी व्हती, तुला न्हाई का ठाव? लुंबे, समद्या गावाला ठाव व्हतं. मला तिच्या मरणाचं दुख झालं, त्याच्यापरीस मलाच ठाव नव्हतं त्याचं जास्त झालं. हे म्या कुणाला सांगितलं न्हाई. काल रातीला उगंच ध्यानात आलं.

तू परकी न्हाईस. परक्याफुडं कोण कशाला उठंल?

मला कॅन्सर हाय ते मला ठाव हाय. रवीला वाटतं न्हाई. (आई, मला असं वाटत नव्हतं. — रवी) डॉक्टर इचारतो, आजी, तुम्हाला काय पायजे. सुई घेतली की चार दिस खराब जातेत, मंग थोडे बरे जातेत. मला ते बरे दिस पायजेत, ते चार दिस नगंत. असं मिळतं का? रवी म्हणतो मिळत न्हाई. मंग घ्यावी का सोडून द्यावी, मला एकटीला उमगंना. रवीला इचारावं तर त्याला बाजारातून भेंडी आणावी का गवार तेबी उमगत न्हाई. लिही म्हणते ना, लिही.

तू ये. पर म्या उठणार न्हाई. लुगडं बदलणार न्हाई. जशी पडले तशी पडून ऱ्हाईन. तू चार दिस माझ्याजवळ बस, म्या कशी न्हाते, किती खाते, कवा कण्हते ते बग. मला बगायला लाज वाटंल तुला. मलाबी वाटंल. मंग सांग सुई घ्यावी का न्हाई. तू न बगता सांगितलेलं म्या आता ऐकणार न्हाई.

उन्हाचं निघू नको. आल्यावर चहा तूच ठेव. पत्ती कुठं आसती, साखर कुठं आसती, तुला ह्या घरातलं काईच ठाव नसंल. विशाखाला इचार.

तुझी माय
पंचफुला